जुन्या मोटारीच्या व्यवहारातील दोन शब्द : ‘हायब्रीड’ आणि ‘बॅटरी’

शब्दाला एकाहून अधिक अर्थ असणे हा भाषेचा दोष नव्हे. संदर्भ स्पष्ट असला म्हणजे ऐकणारा बहुधा नेमका अर्थ उचलतो व अनेकार्थतेची जाणीवही त्याला होत नाही. परंतु वस्तू नवी, तिच्यासाठी वापरलेला शब्द जुना, आणि ऐकणाऱ्याचा त्या वस्तूशी परिचय नाही, अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे संदर्भ निरुपयोगी ठरतो. बोलणारा एका अर्थाने बोलतो, ऐकणारा दुसऱ्या अर्थाने ऐकतो, आणि दोघेही प्रामाणिक असूनही एकाची फसगत होते. वापरलेल्या हायब्रीड मोटारींच्या खरेदी-विक्रीत असे घडण्याचा मोठा संभव आहे. प्रस्तुत लेखात त्या व्यवहारातील दोन शब्दांचा विचार करावयाचा असून, त्यासाठी पेण व रोहा या दोन तालुक्यांचा परिसर समोर ठेवला आहे.

या परिसराची निवड सहेतुक आहे. रायगड जिल्ह्याचा ‘एम. एच. ०६’ हा नोंदणी-क्रमांक पेण येथील परिवहन कार्यालयाचा, पनवेलला ‘एम. एच. ४६’ हा वेगळा क्रमांक मिळालेला असला तरी दक्षिणेकडील तालुक्यांच्या मोटारींची कागदपत्रे अद्याप पेणलाच येतात. मुंबई व नवी मुंबई येथील जुन्या गाड्यांचा मोठा बाजार येथून दोन-तीन तासांच्या अंतरावर आहे. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील नोकरदार असो की हमरापूर-जोहे भागातील गणपतीच्या कारखान्याचा मालक असो, नवी गाडी परवडत नाही तेव्हा तो या बाजाराकडे वळतो. अशा माणसाच्या दृष्टीने हा व्यवहार कित्येक वर्षांच्या शिलकीचा असतो, आणि गाडीतील सर्वांत महाग भागाविषयी त्याला जे काही समजते ते बव्हंशी विक्रेत्याच्या शब्दांवरून समजते.

या बाजाराची स्वतःची एक आटोपशीर बोली आहे. ‘बावीसचे मॉडेल, साठ हजार रनिंग, पेण पासिंग, अ‍ॅव्हरेज बावीस, हायब्रीड, बॅटरी नवीन’ असे वाक्य नमुन्यादाखल घेता येईल. यातील एकही शब्द त्याच्या मूळ इंग्रजी अर्थाने आलेला नाही. ‘मॉडेल’ म्हणजे प्रकार नव्हे, तर उत्पादनाचे साल. ‘रनिंग’ म्हणजे आजवर झालेले अंतर. ‘पासिंग’ म्हणजे नोंदणीचे ठिकाण. आणि ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणजे सरासरी नव्हे, तर एका लिटर इंधनात कापले जाणारे अंतर. हे चारही शब्द मराठीत पक्के रुजले असून त्यांच्या अर्थाविषयी बोलणाऱ्या-ऐकणाऱ्यांत मतभेद नाही. उसना शब्द मूळ अर्थापासून दूर गेला म्हणून बिघडला असे मानणाऱ्यांनी या चार शब्दांकडे अवश्य पाहावे. खरी अडचण शेवटच्या दोन शब्दांत आहे.

‘हायब्रीड’ या शब्दाचे मूळ लॅटिन असून, माणसाळलेली डुकरीण व रानडुक्कर यांच्या संततीला त्या भाषेत तो शब्द होता. मराठीत मात्र तो जनावरांच्या नव्हे, धान्याच्या वाटेने आला. १९६४ मध्ये ‘सी. एस. एच. १’ हे संकरित ज्वारीचे वाण प्रसारित झाले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत ‘हायब्रीड’ हे विशेषण नाम होऊन बसले. नुसते ‘हायब्रीड’ म्हटले की संकरित ज्वारी, असे समीकरण देशावर रूढ झाले. रायगड हा भाताचा मुलूख. परंतु कर्जतच्या कृषी संशोधन केंद्राने १९९८ मध्ये ‘सह्याद्री’ हा संकरित भात दिल्यावर या जिल्ह्यालाही शब्दाची प्रत्यक्ष ओळख झाली. संकरित पिकाचे दाणे पुढील वर्षी बियाणे म्हणून चालत नाहीत, ते दरवर्षी विकत घ्यावे लागते. पीक भरघोस, पण चव कमी आणि टिकाव नाही, अशी या शब्दाची छटा ठरली व ‘गावरान’ हा त्याचा प्रतिशब्द झाला. आजची पिढी ‘हायब्रीड’ आहे असे वडीलधारी मंडळी म्हणतात तेव्हा हीच छटा अभिप्रेत असते. हायब्रीड मोटारीची बॅटरी फार काळ टिकत नाही अशी जी समजूत सर्रास आढळते, तिच्या मुळाशी शब्दाची ही पूर्वपुण्याई काही अंशी असावी, असे अनुमान करण्यास जागा आहे. ‘संकरित वाहन’ हा पारिभाषिक शब्द बाजारात चालला नाही हे एका परीने बरेच झाले. त्याने ही छटा अधिकच गडद केली असती.

मोटारीच्या संदर्भात ‘हायब्रीड’ म्हणजे इंधनाचे इंजिन आणि विजेची मोटर यांचा एकत्र उपयोग करणारी गाडी, एवढे सर्वांना मान्य आहे. परंतु हा एकत्र उपयोग किती, यावर सारे अवलंबून आहे. ‘सबल’ हायब्रीड गाडीत विजेची मोटर स्वतंत्रपणे गाडी ओढू शकते; इंजिन बंद असताना ती काही अंतर चालते. ‘सौम्य’ हायब्रीडमध्ये इंजिनाला जोडलेले एक छोटे यंत्र इंजिन सुरू करते, वेग घेताना थोडा हातभार लावते व ब्रेक दाबल्यावर थोडी वीज परत मिळविते. केवळ विजेवर ती गाडी चालत नाही. पहिल्या प्रकारात इंधनाची बचत मोठी, दुसऱ्यात बेताची. दोहोंच्या किमतींत लाखांचे अंतर आहे, आणि दोहोंना बाजारात एकच नाव आहे.

या नामसाम्याला खुद्द शासनाच्या व्याख्येचाही हातभार लागला. मारुती सुझुकीने सप्टेंबर २०१५ मध्ये ‘सियाझ’ व त्यापाठोपाठ ‘अर्टिगा’ ही गाडी ‘एस. एच. व्ही. एस.’ या चिन्हासह बाजारात आणली. या अक्षरांतील ‘एच’ हायब्रीडचा. एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘फेम’ योजनेत सौम्य हायब्रीड गाड्यांनाही अनुदान मिळत होते. १ एप्रिल २०१७ पासून त्या योजनेतून त्यांना वगळण्यात आले. म्हणजे ३१ मार्चला अनुदानापुरती जी गाडी हायब्रीड होती ती दुसऱ्या दिवशी राहिली नाही. गाडीच्या पाठीवरील चिन्ह मात्र तसेच राहिले. नोंदणीपत्रात इंधनाच्या रकान्यात ‘पेट्रोल/हायब्रीड’ असा शेरा असतो, तो सौम्य हायब्रीड गाड्यांनाही लागलेला असतो. तेव्हा कागदावर ‘हायब्रीड’ आहे, हा पुरावा खरेदीदाराला वाटतो तेवढा निर्णायक नाही.

गोंधळाची परिसीमा २०२२ मध्ये झाली. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मारुतीची ‘ग्रँड व्हिटारा’ आणि टोयोटाची ‘अर्बन क्रूझर हायरायडर’ या दोन भावंडगाड्या विक्रीस आल्या. दोहोंतही एकाच नावाखाली सौम्य व सबल असे दोन्ही प्रकार मिळतात. बाहेरून पाहता फरक फार थोडा. आत पाहावे तर एकात चार सिलिंडरांचे इंजिन, दुसऱ्यात तीन सिलिंडरांचे इंजिन, स्वतंत्र मोटर व निराळी बॅटरी. विधिशास्त्राच्या अभ्यासकांना येथे १८६४ च्या एका इंग्लिश खटल्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. मुंबईहून ‘पीअरलेस’ नावाच्या गलबतावरून येणाऱ्या सुरती कापसाच्या १२५ गाठींचा सौदा लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांत झाला. पुढे असे दिसून आले की, त्या नावाची दोन गलबते होती. एक ऑक्टोबरात मुंबईहून निघाले, दुसरे डिसेंबरात. खरेदीदाराच्या मनात पहिले होते, विक्रेत्याच्या मनात दुसरे. निकाल खरेदीदाराच्या बाजूने लागला. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १३ मध्ये संमतीची जी व्याख्या आहे तिचा गाभाही हाच आहे : एकाच गोष्टीविषयी, एकाच अर्थाने सहमत होणे म्हणजे संमती. अर्थविचाराच्या वर्गात शिकविण्याजोगे कायद्याचे कलम याहून दुसरे क्वचितच सापडेल.

गलबतांपेक्षा मोटारींची ओळख मात्र सोपी आहे. भारतात विकल्या गेलेल्या ‘कॅम्री’, ‘सिटी ई-एच. ई. व्ही.’, ‘हायरायडर’, ‘ग्रँड व्हिटारा’ व ‘इनोव्हा हायक्रॉस’ या गाड्यांच्या सबल हायब्रीड प्रकारांत क्लच व हाताने बदलावयाचे गिअर नाहीत. गाडीत क्लच असेल तर ती सबल हायब्रीड नव्हे. क्लच नसल्याने मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण सौम्य प्रकारही स्वयंचलित गिअरसह मिळतो. अशा वेळी गाडी उभी असताना इंजिन बंद ठेवून ती हळूहळू पुढे सरकते की नाही, एवढे पाहिले म्हणजे पुरे.

आता ‘बॅटरी’ हा दुसरा शब्द. याचा इतिहास अधिक घरगुती आहे. मराठीत ‘बॅटरी’ म्हणजे प्रथम हातातील विजेरी. ‘बॅटरी मार’ म्हणजे विजेरीचा झोत टाक. तिच्या आत असतात ते ‘सेल’. मोटारीच्या संदर्भात ‘बॅटरी’ म्हणजे बॉनेटखालील १२ व्होल्टची शिसे-आम्लाची पेटी, जी तीन-पाच वर्षांनी बदलावी लागते हे प्रत्येक गाडीवाल्याला ठाऊक आहे. इथवर अडचण नव्हती. परंतु सबल हायब्रीड गाडीत या पेटीखेरीज उच्च दाबाची दुसरी बॅटरी असते व चाके ओढण्याचे काम तिचे असते. लहान पेटीही काढून टाकलेली नसते. गाडीतील संगणक व विद्युत्‌जोडण्या जाग्या करण्याचे काम तिच्याकडेच असते आणि इतर गाड्यांतल्याप्रमाणे तीही काही वर्षांनी संपते.

‘भाऊ, बॅटरीचं काय?’ ‘बॅटरी आत्ताच नवीन टाकलीय, शेठ.’ या संवादात विक्रेता खोटे बोलत नाही. त्याने काही हजार रुपयांची लहान पेटी खरोखरच बदललेली असते. खरेदीदाराला मात्र वाटते की, त्याला जिची धास्ती होती ती, कित्येक पटींनी महाग असलेली बॅटरी नवीन आहे. आणि त्या समजुतीवर तो किंमत मान्य करतो. ‘मोठी बॅटरी’ व ‘छोटी बॅटरी’ असा भेद करून हा प्रश्न सुटेल असे वाटते, पण तोही सर्वत्र लागू पडत नाही. २०१८ नंतरच्या सियाझ व अर्टिगा या सौम्य हायब्रीड गाड्यांत शिसे-आम्लाच्या पेटीबरोबर १२ व्होल्टची व ६ अँपिअर-तासांची एक लिथियम बॅटरी असते. तेथे ‘हायब्रीडची बॅटरी’ आकाराने लहान आणि साधी बॅटरी मोठी! २०१५ च्या सियाझमध्ये तर हायब्रीडचे काम शिसे-आम्लाची एकच दणकट पेटी करीत असे. अशा वेळी विशेषणांपेक्षा संख्या अधिक विश्वसनीय ठरते. ‘बदललेली बॅटरी किती व्होल्टची?’ हा प्रश्न विचारला की संदिग्धता उरत नाही. उत्तर ‘१२’ आले तर चाके ओढणाऱ्या बॅटरीविषयी अद्याप काहीच सांगितले गेलेले नाही असे समजावे. हायरायडरच्या सबल प्रकारात ती १७७.६ व्होल्टची आहे.

त्या बॅटरीच्या आयुष्याचा विचार करताना प्रथम तिचे आकारमान लक्षात घेतले पाहिजे. हायरायडरच्या बॅटरीची क्षमता सुमारे ०.७६ किलोवॉट-तास, २०२० मध्ये आलेल्या, केवळ विजेवर चालणाऱ्या ‘नेक्सॉन’ची ३०.२ किलोवॉट-तास, म्हणजे सुमारे चाळीसपट. हायब्रीडची बॅटरी हे कोठार नव्हे. धरमतरच्या खाडीत भरती-ओहोटी चालावी तशी तिच्यात वीज सतत येते व जाते. ब्रेक दाबला की येते, वेग घेतला की जाते. गाडीतील नियंत्रक तिला पूर्ण भरू देत नाही आणि पूर्ण रिकामीही होऊ देत नाही. टोयोटाच्या प्रिअस गाडीत ही मर्यादा साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवलेली आढळते. बॅटरीची झीज टोकांना अधिक होते, त्यामुळे या संयमाचा तिला मोठा लाभ होतो. हाती असलेल्या फोनची बॅटरी दोन-तीन वर्षांत खालावते म्हणून मोटारीचीही खालावणार, हा तर्क यामुळेच चुकतो.

प्रिअस डिसेंबर १९९७ मध्ये जपानात विक्रीस आली, त्यामुळे या बॅटऱ्यांच्या अनुभवाला आता पाव शतकाहून अधिक काळ झाला आहे. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक नियतकालिकाने २०११ मध्ये २००२ सालची, सुमारे ३ लाख ३१ हजार किलोमीटर धावलेली एक प्रिअस तपासली. तिची मूळ बॅटरी तशीच होती, आणि दहा वर्षांपूर्वी तपासलेल्या तशाच नव्या गाडीच्या तुलनेत इंधनाच्या खर्चात नाव घेण्याजोगा फरक आढळला नाही. एका गाडीवरून सिद्धान्त मांडता येत नाही हे खरे. पण ‘हायब्रीड टिकत नाही’ या सरसकट विधानाला छेद देण्यास एक गाडीही पुरते.

कोकणातील परिस्थितीचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. उष्णता हा बॅटरीचा मुख्य शत्रू होय. तापमान दहा अंशांनी वाढले की आतील रासायनिक झीज साधारण दुप्पट होते, असा एक स्थूल नियम आहे. बॅटरी थंड ठेवण्यासाठी बहुतेक गाड्यांत प्रवाशांच्या कक्षातील हवा पंख्याने आत ओढली जाते. तिची जाळी बहुधा मागील आसनाजवळ असते. महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून चाललेले. त्या धुळीने ही जाळी तुंबली व कोणी ती साफ केली नाही, तर बॅटरी वर्षानुवर्षे तापत राहते आणि मालकाला पत्ताही लागत नाही. जाळीला हात लावून पाहणे यास कोणतेही ज्ञान लागत नाही. दमट, खारट हवेचा परिणाम घटांना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर होतो. त्या गंजल्या की घट चांगले असूनही धोक्याचा दिवा लागतो.

दुसरी गोष्ट पुराची. जुलै २०२१ मध्ये महाड व चिपळूण येथे कित्येक मोटारी पाण्याखाली गेल्या. नागोठण्याला अंबा नदी व रोह्याला कुंडलिका अधूनमधून तेच करतात. अनेक हायब्रीड गाड्यांत बॅटरी मागील आसनाखाली किंवा सामानाच्या कप्प्याजवळ, म्हणजे पाणी लवकर पोहोचते अशा जागी असते. आसनाचे पट्टे पूर्ण बाहेर ओढून त्यांवर चिखलाची रेघ आहे का, आणि गालिच्याखालील आसनांच्या पट्ट्या गंजल्या आहेत का, हे पाहावे. तसे आढळल्यास बॅटरीची पुढील चौकशी करण्याचे कारण उरत नाही.

बाजाराच्या बोलीत अंतरासाठी ‘रनिंग’ हा शब्द आहे, पण बॅटरीच्या वयासाठी शब्दच नाही. त्यामुळे कमी ‘रनिंग’ हा निखळ गुण मानला जातो. वस्तुतः बॅटरी चालण्याने झिजते तशी काळानेही झिजते. मुंबईकराच्या बंगल्यावर आठवडाभर उन्हात उभी राहणारी, वीस हजार किलोमीटर झालेली गाडी ही पेण-रोहा मार्गावर रोज ये-जा करणाऱ्या गाडीपेक्षा बॅटरीच्या दृष्टीने सरस असेलच असे नाही. उलट भिसे खिंडीसारख्या उतारावर बॅटरी आपोआप भरली जाते आणि रखडत्या वाहतुकीत ती आपले काम नीट बजावते. हायब्रीडला असा मार्ग मानवतो.

‘आयुष्य’ हा शब्द या चर्चेत येतो तेव्हा तोही तपासून घ्यावा लागतो. विक्रेता हमीची मुदत सांगत असतो. होंडा सिटी, हायरायडर, ग्रँड व्हिटारा व हायक्रॉस या गाड्यांच्या हायब्रीड बॅटरीला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोवर, हमी दिलेली आहे. ही मुदत पहिल्या खरेदीपासून मोजली जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये घेतलेल्या गाडीची ती सप्टेंबर २०३० मध्ये संपते, मधे मालक कितीही बदलले तरी. वर्षाला ६० हजार किलोमीटर धावणाऱ्या भाड्याच्या हायक्रॉसची मात्र ती तीन वर्षांच्या आतच संपलेली असते. शिवाय हमी संपणे व बॅटरी संपणे या दोन भिन्न घटना आहेत, आणि त्यांच्या मधला काळ बराच मोठा असू शकतो. बॅटरी संपते तीही एकदम नव्हे. दुसऱ्या पिढीच्या प्रिअसमध्ये १६८ घट एकापुढे एक जोडलेले आहेत. साखळीप्रमाणे त्यांतील सर्वांत दुबळा घट साऱ्यांची मर्यादा ठरवितो. म्हणून केवळ बिघडलेला भाग बदलून ‘दुरुस्त’ केलेली बॅटरी फार दिवस चालत नाही. नवा भाग व जुने भाग यांचा मेळ बसत नाही, आणि लवकरच दुसरा एखादा भाग मान टाकतो. ‘नवीन टाकली’ व ‘दुरुस्त केली’ या दोन क्रियापदांतील फरक येथे अक्षरशः पैशांचा आहे.

प्रत्यक्ष तपासणीत दोन गोष्टी पाहाव्यात. गाडी चालविताना पडद्यावरील बॅटरीची पातळी झपाट्याने वर जाऊन तितक्याच झपाट्याने खाली येत असेल, तर क्षमता घटली आहे असे समजावे. आणि अधिकृत कार्यशाळेत संगणक जोडून घटसमूहांच्या दाबातील तफावत पाहून घ्यावी; तिची छापील प्रत मागावी.

राहता राहिला कागद. मालकीबदलासाठी नमुना २९ व ३० भरले जातात; मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे, व्यवहार राज्यांतर्गत असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत व घेणाऱ्याने तीस दिवसांत कार्यालयास कळवावयाचे असते. या नमुन्यांत बॅटरीसाठी रकाना नाही. माल-विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १५ नुसार वर्णनावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळली पाहिजे. परंतु पावतीवर नुसते ‘हायब्रीड’ असेल तर दोन्ही प्रकारच्या गाड्या त्या वर्णनाशी जुळतात. म्हणून स्वतंत्र पावतीवर पुढील आशयाचे वाक्य लिहून उभयतांनी सही करणे इष्ट : ‘सदर गाडी सबल हायब्रीड असून तिची उच्च दाबाची (— व्होल्ट) बॅटरी मूळचीच आहे / अमुक तारखेस संपूर्ण नवीन बसविली आहे, १२ व्होल्टची बॅटरी अमुक तारखेस बदलली आहे, पहिल्या खरेदीची तारीख अमुक.’ तिरप्या रेषेच्या दोन बाजूंपैकी एक सही करण्यापूर्वी खोडावयाची असते, हे विसरू नये.